कुंदा संपला की येते

अकरावीला गवतं शिकवायची वेळ आली की मला आधीच दमायला होतं. पोरं पाठ करतात: बहुवर्षायू गवताचं जमिनीखाली आडवं पसरतं ते मूळ नव्हे, खोड, त्याला पेरं असतात, प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, आणि वरचं हिरवं कापलं म्हणून खालचं मरत नाही. दोन मार्कांचा प्रश्न. माझे मात्र कित्येक वर्षांचे रविवार त्यात गेले.

आम्ही नवरा-बायको केडगावात राहतो. सासूबाई काष्टीला, रानातल्या घरात, एकट्या. सासरे गेल्यापासून आम्ही त्यांना इकडे चला म्हणतोय आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "कुंदा संपला की येते."

कुंदा हे आपल्याकडच्या काळ्या जमिनीतलं रानगवत. कोवळं असताना जनावरं आवडीनं खातात, बांधावर असलं तर माती धरून ठेवतं, आणि रानात शिरलं की मालकालाच बाहेर काढतं. त्याच्या जमिनीखालच्या खोडांना काशा म्हणतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की सासूबाई पहारीनं ढेकळं उलथतात, काशा वेचतात आणि बांधावर वाळत टाकतात. सत्तरी उलटलेली बाई. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन त्या ढेकळांतच पडल्या. शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं तरी. त्या दिवसापासून फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. नोकरी, घर, रविवारची काष्टीची फेरी, परत येऊन सोमवारचा डबा. मी खरंच थकले होते. त्यांनी इकडे यावं एवढंच मला हवं होतं, आणि त्यात त्यांच्यापेक्षा माझी सोय जास्त होती असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

मी रोज संध्याकाळी फोन करायचे.

"किती खणलं?"

"लई न्हाई. लिंबापातूर."

"आई, उन्हात जाऊ नका म्हटलं होतं ना."

"मग काय चांदन्यात खनू?"

यावर काय बोलणार. पालथ्या घड्यावर पाणी.

या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची सहनशक्ती संपली. कुंदा संपला की येते म्हणते ना, मग संपवतोच, म्हणाला, आणि ट्रॅक्टर सांगून रानात रोटर मारायचं ठरवलं. मी सांगितलं, अहो, काशांचे तुकडे होतील आणि तुकडा तुकडा फुटेल. हे तुझं पुस्तकातलं, म्हणाला. सासूबाईंनीही सांगितलं, "रोटर नको रं, एकाचे धा हुतील." ती जुन्या लोकांची भीती ठरली. एरवी आम्हा सासू-सुनेचं एकमत होत नाही. झालं तेव्हा ते कुणी ऐकलं नाही.

रोटर फिरला आणि रान कसं चाळून घेतल्यासारखं दिसायला लागलं. नवरा बांधावरून फोटो काढत होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतली नवी लुगडी काढून पिशवीत घातली. मी मनात म्हटलं, देव पावला. मग कॅनॉलला पाणी सुटलं, नवऱ्यानं घासाच्या पेरणीसाठी रान भिजवलं, आणि पुढच्या रविवारी गेलो तर रानभर कुंद्याचे हिरवे कोंब. आधी होते त्याहून दाट. नवरा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. सासूबाईंनी चहा टाकला, पिशवीतली लुगडी परत ट्रंकेत गेली, आणि त्या दिवशी त्या चक्क हसऱ्या होत्या.

मला राग आला. चूल लोटेपर्यंत थांबले आणि तोंडावरच विचारलं, "आई, तुम्हाला यायचंच नाही ना?"

"यायचं हाय की. पन तुमी दोगं सकाळी आटला भाईर. दिवसभर त्या खोल्यात मी काय करू, सांग. दार लावून बसू?"

मला उत्तर सुचलं नाही. इथं पडल्या तर शेजारीण तरी बघेल. आमच्याकडं दुपारी शेजारचंही दार बंद असतं. एवढं गवताचं शास्त्र शिकवते मी, पण त्या कुंद्यानं या बाईला उभं धरलंय हे मला तेव्हा कुठं कळलं. मी हात टेकले. फक्त सकाळी आणि ऊन उतरल्यावर खणा, एवढंच सांगून निघाले.

पुढचे काही दिवस बरे गेले. मी फोन करायचे, त्या बांधापर्यंत, विहिरीपर्यंत असं काहीतरी सांगायच्या. कुंदा जिंकत होता, पण बाई ठणठणीत होती. माझा जीव जरा खाली आला.

मग एका संध्याकाळी मी विचारलं, किती खणलं? त्या म्हणाल्या, "आज न्हाई खनलं. कालबी न्हाई."

"बरं नाही का?"

"बरं हाय. पहार उचलंना."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं काष्टी गाठलं. सासूबाई दारात बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, पिशवी शेजारी. रान समोर हिरवंगार.

"चल," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे कुंदा."

एवढी वर्षं हेच ऐकायला मी कान टवकारून होते. आणि ऐकल्यावर मला रडू आलं. नको हे, असं वाटलं. त्यांनी नेहमीसारखं मला चार शब्द सुनवावेत, उन्हात जावं, मी फोनवर ओरडावं, तेच बरं होतं.

"आई, उद्या जाऊ," मी म्हणाले. "आज आपण दोघी थोडं खणू. पहार मी घेते."

त्यांनी रानाकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हात धरून उठल्या आणि विचारलं, "गाडी कितीला हाय?"