आठ भाचे आणि एक परवाना

मला सख्खी बहीण एकच, आणि कोल्हापुरात एका दुपारी तिला आठ मुलगे झाले.

आमच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा देणारी आठ पोरं भाड्यानं राहायची. माझी पेन्शन मुलीच्या कॉलेजात जायची. चूल चालायची ती त्या मजल्याच्या भाड्यावर. अशी पोरं ठेवायला परवाना लागतो, जिना, खिडक्या, आग विझवायची सोय सगळं तपासून मगच तो मिळतो, हे मला ठाऊक होतं. पण नियम शेजाऱ्यांसाठी असतात, अशी माझी समजूत. (मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय.)

तपासणीचे साहेब येणार असं कळल्यावर मी पोरांना बजावलं, विचारलं तर तुम्ही माझे भाचे. बायको म्हणाली, सरळ परवाना काढा. तिचं ऐकलं असतं तर आज सांगायला काही उरलंच नसतं.

साहेब चंदगडकडचे निघाले. आपल्याकडे कागद नंतर बघतात, आधी पाहुणे कुठले ते विचारतात. चहा घेता घेता त्यांनी प्रत्येकाला आडनाव आणि मामाचं गाव विचारलं. आडनावं आठ निघाली. सात जणांनी सवयीनं आपापल्या खऱ्या मामाचं गाव सांगितलं. आठवा सावध होता. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मामाचं नाव विचारल्यावर "सर" म्हणाला!

"भैनी किती म्हणायच्या तुमाला?" साहेबांनी विचारलं.

"सख्खी एक. बाकी मानलेल्या."

"मानल्याल्या लईच हायत की."

मग ते शांतपणे म्हणाले, भाचे असतील आणि भाडं घेत नसाल, तर तसं लिहून द्या. इथं मी खरं कबूल करायला हवं होतं. पण कोरा कागद दिसला की मला राहवत नाही. 'हे आठही माझे भाचे असून त्यांच्या निवासाची व भोजनाची सोय मी प्रेमापोटी, विनामोबदला करतो,' असं मी वळणदार अक्षरात लिहिलं. भोजन कुणी विचारलं नव्हतं. वाक्याला वजन यावं म्हणून घातलं. पोरांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आणि कागदाचा फोटो काढून घेतला.

एक तारखेला मी भाडं मागायला वर गेलो. त्यांच्यातला आजऱ्याचा पोरगा अदबीनं उठून उभा राहिला.

"मामा, भाच्याकडनं भाडं घेतल्यालं सायबास्नी कळलं, तर अडचण तुमचीच हाय की."

त्या संध्याकाळी आठही जण जेवायला खाली आले. बायकोनं परातभर पीठ मळलं. पंधरा दिवसांत घनसाळ तांदळाचं पोतं संपलं, मुलीची फी तोंडावर आली, आणि मी खरोखर घाबरलो.

शेवटी ऑफिसात जाऊन परवाना मागितला. साहेबांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला.

"गुरुजी, भाचं ठिवायला परवाना लागत न्हाय. ही भाचं न्हाईत, एवढं आधी लिहून आना."

घरी आलो, पेन घेऊन बसलो, पण शरमेनं एक ओळ सुचेना. अखेर मसुदा पोरांनीच केला. अर्ज लिहायचा त्यांचा रोजचा सराव. 'अर्जदाराने केवळ अकलेच्या अभावी सदर खोटे विधान केले,' हे वाक्य त्यांचं. मी ते दोनदा तपासलं. एकही चूक सापडली नाही, म्हणून सही केली.