प्रतापदादाची जवारी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या कारखान्यात जेवणाचा डबा उघडत होतो. दुपारचा दीड, म्हणजे जर्मनीत सकाळचे नऊ. "दिलीपभाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. न्याहारी करून कामावर निघताना दादा बूट घालायला खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. वय बासष्ट वर्षं चार महिने. त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं आहे. लिहायला बसलो तर आठवतात त्या बहुतेक हसायच्याच गोष्टी...

प्रतापदादा माझा मावसभाऊ, साताऱ्याचा. त्याचे वडील, आमचे आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले; घरचा दोन एकर ऊस. अशा घरात सतार शिरली ती शेजारी राहायला आलेल्या एका संगीतशिक्षकांमुळे. आबांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये फौजेच्या बँडात तरी घेत्यात का रं?" दादा म्हणाला, "घेत्याल की आबा, पर परेड करताना मांडी कवा घालायची?" आबांनी त्यावर बराच विचार केला आणि पोराला इंजिनिअरिंगला घातलं.

कॉलेजची चार वर्षं तो सांगलीत आमच्याकडे राहिला. पहाटे पाच ते सात सतार, मग कॉलेज. परीक्षेच्या दिवशीसुद्धा सातला दहा मिनिटं कमी असताना कधी उठला नाही. पुढे दोन वर्षं कुपवाडला काम करून तो जर्मनीला गेला, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथंच लग्न, तिथंच दोन मुली, आणि रोज संध्याकाळी दोन तास सतार. नोकरी खरी आवडते की सतार, असं लोक विचारत. तो म्हणायचा, "तुमाला कुठला पाय जास्त आवडतो?"

अडचण एकच होती. सतारीच्या तारा हाडाच्या ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिच्या पाठीला डोळ्याला दिसणार नाही इतका उतार असतो. तार त्या उताराला हलकेच घासते आणि सतारीचा तो झणकार निघतो. हीच जवारी. वाजवून वाजवून तारा हाडात चरे पाडतात आणि आवाज मरतो. मग कानशीनं घोडी घासून जवारी नव्यानं काढावी लागते. मिरजेत हे काम करणारे गल्लीभर आहेत, जर्मनीत दादाला एकही सापडला नाही. डिसेंबरात मिरजेहून काढून नेलेली जवारी त्याला ऑगस्टपर्यंत पुरायची. पुढचे चार महिने सतार जवळजवळ मुकी.

एका डिसेंबरात मिरजेला जाताना, मी स्कूटर चालवत होतो आणि तो मागं सतार उभी धरून बसला होता, तेव्हा तो म्हणाला, "दिलप्या, जवारी मला स्वतःला काढता आली पायजे. न्हाई तर दोन्हीतलं एक सोडावं लागंल. आणि मला एकबी सोडायचं न्हाई."

आम्ही दोघंही मापात वाढलेली माणसं. मी कारखान्यात तपासणी विभागात, तो यंत्रांच्या आराखड्यात. त्यामुळे आम्हाला जे सुचायचं तेच सुचलं. मिरजेचे हमीदचाचा, ज्यांच्याकडे दादा पहिल्यापासून जायचा, त्यांच्याकडून उत्तम जवारीची एक घोडी मागून घेतली. रविवारी मालकांची परवानगी काढून मी ती आमच्या मोजमापाच्या यंत्रावर चढवली आणि पाठीवरचे एकशे चाळीस बिंदू मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले. ते आकडे घेऊन दादा परत गेला आणि पुढच्या डिसेंबरात तीन घोड्या करून घेऊन आला. मी तिन्ही मोजल्या. एकाही बिंदूला चूक नव्हती.

चाचांनी एक घोडी चढवली, तारा लावल्या आणि छेडलं. पत्र्याच्या डब्यावर खडा पडावा तसा आवाज आला. दुसरी लावली. तोच डबा. तिसरी त्यांनी लावलीच नाही. पोट धरून हसत होते.

"चाचा, माप बरोबर हाय वो," मी म्हणालो.

"बरोबरच हाय. पर ते त्या घोडीचं माप. त्या सतारीचं, त्या तारंचं. ह्या सतारीला कुणी इचारलं?" मग दादाकडं वळून म्हणाले, "इंजिनेरसाहेब, लय शिकलायसा. आता बसा हितं."

आणि दादा बसला. पहिल्या वर्षी चाचांनी त्याच्या हातात हाडाचा कोरा तुकडा दिला आणि "घासा" म्हणाले. दुसऱ्या वर्षीही तेच. दरवर्षी तीन आठवड्यांच्या सुट्टीतले नऊ दिवस तो मिरजेत भुशात बसलेला असायचा, जर्मनीत हाताखाली साठ माणसं असलेला हा माणूस. साताऱ्याला आबा चिडायचे, "विमानानं येतोस आन् हाडं घासत बसतोस व्हय?" दादा घासून द्यायचा, चाचा एकदा तार छेडायचे, स्वतःची कानस घ्यायचे आणि पुन्हा सगळं करायचे. असे अकरा डिसेंबर गेले. दादा परत येताना स्कूटरवर मोठ्यानं हसायचा. "औंदा चाचा साडेसात मिनिटंच घासत हुते. गेल्या साली बारा लागली हुती. मी घड्याळ लावलं हुतं." नापास होण्यात एवढा आनंद घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुकानात बसायची मनाई होती. दादानं आमच्या सांगलीच्या घरी, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून, एकट्यानं जवारी काढली. पाच दिवस लागले. सतार आमच्याकडेच ठेवून गेला. जर्मनीत त्याची दुसरी सतार होती. "चाचांचा डोळा बरा झाला की फुडच्या साली दाखवू. बघू किती मिनिटं घासत्यात."

आता मुलींना ती सतार हवी आहे. वहिनी म्हणाल्या, पाठवण्याआधी चाचांना एकदा दाखवा. गेल्या महिन्यात मी मिरजेला गेलो. दादा गेल्याचं चाचांना कळलं होतं, ते आधी माझा हात धरून बसले. मग सतार मांडीवर घेतली, स्वर मिळवले. सवयीनं शेजारची कानस उचलली आणि तार छेडली. थांबले. पुन्हा छेडली. खालपासून वरपर्यंत सगळे पडदे वाजवून पाहिले. कानस खाली ठेवली.

"काय झालं चाचा?"

"हिला हात लावायचा न्हाई." आवाजात थोडा राग होता. "माझा डोळा गेला तर तुमी लगीच दुसऱ्या दुकानात गेलासा व्हय? कुणी काढली? फुडच्या आळीतल्या रफिकनं?"

"दादानं," मी म्हणालो. "आमच्या घरी बसून."

चाचा सतार धरूनच उठले. मग गल्लीत तोंड काढून त्यांनी हाक मारली, "रफिक! ए रफिक! हिकडं ये, कान घिऊन ये!" रफिक आला, त्याच्यामागून आणखी दोघं आले. चाचा वाजवत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, सांगा कुणाचा हात. एकानं चाचांचंच नाव घेतलं, तेव्हा ते मांडी थोपटून एवढे हसले, की ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी आलं. रुमालानं तो एकच डोळा पुसून त्यांनी दुसरा ओलाच सोडला.

सतार घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, "दोन दिस ऱ्हाऊ द्या. गल्लीतल्या पोरांस्नी ऐकवायची हाय."

त्याला आज तेवीस दिवस झाले. काल फोन केला, तर मागं कुणीतरी तीच वाजवत होतं.

"आनी दोन दिस," चाचा म्हणाले.

मी बरं म्हणालो आणि लगेच फोन ठेवला नाही...