बझरमध्ये कोंबलेलं तिकीट
परवा जुन्या पाकिटात एसटीचं घडी घातलेलं तिकीट सापडलं आणि नाशिक रोडच्या टेलिफोन एक्स्चेंजची ती गार खोली आठवली, तापलेल्या सर्किट कार्डांच्या वासाची. तेव्हा मोबाइल नव्हते. अलार्म सारखा वाजायचा म्हणून आम्ही सगळेच बझरमध्ये कागद कोंबायचो. त्या दिवशीचं तिकीट माझं होतं. चांदवडकडे आवाज नेणाऱ्या लाइनी ठणठणीत होत्या, पण कोण कोणाला फोन लावतंय हा निरोप नेणारी सिग्नलिंग लिंक सकाळीच पडली होती, आणि बझर मुका. दुपारी माझा ड्यूटीवरचा जोडीदार चांदवडला आजारी आईला फोन लावू लागला. डायल टोन यायचा, नंबर फिरवला की नुसती शांतता. विसाव्यांदा तो रिसीव्हरलाच म्हणाला, "लाग ना रे बाबा," तेव्हा कुठे मी अलार्मच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्या लिंकचं कार्ड उपसून परत बसवलं, लिंक उठली, फोन लागला. तिकडून आईची शेजारीण बोलली, ते मलाही ऐकू आलं. "सकाळपासून लावतेय रं, लागतच नाय. आई गेली तुझी. आता पळत नको येऊ, सावकाश ये." तो खाली बसला. त्याची पाठ माझ्याकडे होती तेवढ्यात मी तिकीट काढून खिशात घातलं आणि म्हणालो, लाइनच खराब होती. अजून दर दिवाळीला त्याच्याकडून फराळ येतो.