दोन सूत लांब ठोकळे

आमच्या घरी लाकूड फिरवून कातायचा खराद होता. मोहाडीकडच्या विणकरांसाठी धागा गुंडाळायच्या लाकडी कांड्या आम्ही करायचो. हळदूच्या लाकडाच्या चौकोनी पट्टीचे पाच इंची ठोकळे कापायचे, टोकं सरळ आहेत ना बघायचं, मधोमध भोक पाडायचं आणि मग खरादावर गोल करायचं. क्रम ठरलेला होता. त्यात टोकांचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. टोक गुण्यात, म्हणजे बाजूंशी काटकोनात नसलं, की भोक तिरपं जातं. अशी कांडी फिरत्या सळईवर नाचते आणि धागा तुटतो.

तीस वर्षं खराद बाबांनी चालवला. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. चालणं-बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची पकड गेली. खराद भावाकडे आला. बाबांना बसून राहणं जमेना. आठवडाभर त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांशी भांडण काढलं, मग स्वतःच म्हणाले, ठोकळे मी कापतो. त्यासाठी तीन फळ्यांची एक पेटी होती. तिला करवतीसाठी खाचा आणि पुढे लांबी ठरवणारी खुंटी. पट्टी खुंटीला टेकवायची, उजव्या हाताने दाबायची, डाव्याने करवत चालवायची.

मी तेव्हा विशीची. कामाची वही माझ्याकडे. लाकूड किती आलं, ठोकळे किती झाले, फुटले किती, परत किती आले. बाबा मला तहसीलदारीण म्हणायचे. दोन महिन्यांत ‘परत’चा रकाना भरू लागला. एका विणकराने तर कांड्यांची अख्खी पिशवी आणून ओट्यावर ठेवली. बाबांशी तो त्याबद्दल बोलला नाही, चहा पिऊन गेला. मी त्या दिवशीच्या ठोकळ्यांना गुण्या लावून पाहिला. चाळीसात पंधरा सरळ. दाबणारा हात हलत होता.

भाऊ म्हणाला, बाबांना सांगून टाक. मला ते जमणार नव्हतं. मी दुसरी सोय केली. दुपारी ते झोपले की त्यांचे आदल्या दिवशीचे ठोकळे मागच्या पडवीत न्यायचे आणि दोन्ही टोकं एकेक सूत पुन्हा कापायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग लांबी दोन सूत कमी पडायची, म्हणून ठोकळे आधीच तेवढे लांब निघावेत अशी मी पेटीची खुंटी दोन सूत मागे घेतली. सुरुवातीला मी गुण्या लावून फक्त वाकडे ठोकळे कापायची. पण मग सरळ ठोकळे दोन सूत लांब उरायचे, ते वेगळे ठेवावे लागायचे, आणि तपासण्यात वेळ जायचा तो वेगळाच. सगळेच कापले तर लवकर आटपायचं. मी सगळेच कापू लागले. हा निर्णय माझा एकटीचा. वहीत तो नाही.

असे चार महिने गेले. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, काही परत आलं का, आणि नाही म्हटलं की मिशीत हसायचे.

एका सकाळी त्यांनी कापलेला ठोकळा डाव्या मुठीत धरला, अंगठ्याने टोक चाचपलं आणि मला हाक मारली.

“खुंटी मागं काहून घेतली?”

“लाकूड ओलं हाय बाबा. वाळलं का आटते.”

“हळदू लांबीत आटत नाही,” ते म्हणाले. “रुंदीत आटते. तुले मीच सांगतलं होतं.”

ते उठून पडवीच्या दारापर्यंत गेले. कोपऱ्यात एकेक सुताच्या पिवळ्या चकत्या पडल्या होत्या. आदल्या दिवशी झाडायच्या राहिल्या होत्या.

“सगळेच वाकडे होते?”

मला माहीत नव्हतं. चार महिने मी पाहिलंच नव्हतं. मी मान खाली घातली, आणि त्यांनी तो होकार धरला.

“मंग उद्यापासून तूच काप. एकच डाव काप. लाकूड कायले नासवाचं?”

करवत पुसून त्यांनी खिळ्याला अडकवली.

दुपारी मी टोपलीतले आदल्या दिवशीचे ठोकळे मोजले. चाळीस. हे अजून मी कापले नव्हते. एकेकाला, दोन्ही टोकांना गुण्या लावला. सव्वीस सरळ होते. हात सुधारत होता.

दुसऱ्या दिवशी ते सव्वीस मी तसेच भावाला दिले. वाढीव लांबी त्याने खरादावरच उतरवली. बाबा बाहेर खाटेवर पडून होते. ठोकळा सरळ बसला की नाही, हे त्यांना खरादाच्या आवाजावरून कळायचं. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “आज चांगले बसून राहिले. तुह्या हाताले जमलं वो, तहसीलदारीण.”

ते तुमचेच आहेत, असं सांगायचं तर मी चार महिने त्यांचे चांगले ठोकळेही कापत होते, हेही सांगावं लागलं असतं. मी “हो बाबा” म्हटलं.

त्यानंतर ते दोन पावसाळे जगले. करवतीला हात लावला नाही. वही माझ्याकडे अजून आहे. त्या दिवसापुढे ‘ठोकळे चाळीस, सरळ सव्वीस’ एवढंच लिहिलेलं आहे. कोणी कापले, असा रकाना मी कधी आखलाच नव्हता.