बाबांचा दाट चहा

घाटकोपरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान मी एकटीने उभं केलं. समोरच्याने आकडा सांगितला की तो निम्म्यावर आणायचा, ही सवय हाडात भिनली आहे.

बाबांना पार्किन्सन आहे. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं. घशाचे स्नायूही मंदावतात, हे आम्हाला उशिरा कळलं. पाणी, चहा असं पातळ काही घेतलं की ते श्वासनलिकेत उतरायचं. गिळण्याचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट घरी येऊ लागली. हनुवटी खाली, छोटा घोट, मग "आ" म्हणायचं. आवाज ओला, घरघरता आला तर घोट घशातच राहिला समजून थांबायचं. आणि प्रत्येक कपात दाट करायच्या पावडरीचे दोन चमचे.

"एक चालेल ना?" मी विचारलं.

"ताई, यात कमी-जास्त नाही."

बाबांची हयात गिरणीत सुताला खळ लावण्यात गेली. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "गो, ही चाय आसा काय खळ?"

दोन दिवस त्यांची कुरकुर ऐकली, मग मी एकच चमचा घालू लागले. बाबा खुशीत प्यायचे. ठसकाही नाही. मला वाटलं, जमलं.

भाऊ बोरिवलीला राहतो, रविवारचा येतो. त्या रविवारी डब्यातून पेज घेऊन आला. आमच्यात आजाऱ्याला पेजच देतात. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्याने दोन-तीन चमचे भरवलेही होते. मंगळवारी बाबांना ताप चढला, धाप लागली. हॉस्पिटलात एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात डाग.

मी तिथेच भावावर तुटून पडले. "पाहुण्यासारखं यायचं, पातळ पेज पाजायची नि निघायचं! मारशील एक दिवस बाबांना."

तो मान खाली घालून उभा राहिला. सहा वर्षं बाबांचं सगळं मीच करते आहे. त्याला असं गप्प बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात डॉक्टर आले. "दोन चमचे घालूनही छातीत उतरत असेल, तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. दोनच घालत होता ना?"

"हो," मी म्हणाले.

ते फाइलमध्ये लिहू लागले. नळी घातली की बाबांच्या तोंडाला चहा लागणार नाही, कदाचित कधीच. बाबा ती उपसतील, म्हणून त्यांचे हातही बांधतील.

"थांबा," मी म्हणाले. "एकच घालत होते. तीन आठवडे."

भावाने मान वर केली. "अगं, औषधातपण घासाघीस?" तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

"पण ठसका लागत नव्हता," मी डॉक्टरांना म्हणाले.

"तेच तर वाईट. चुकीच्या वाटेने गेलेलं त्यांच्या घशाला कळतच नाहीये." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नळीचं उद्या बघू. ताप उतरला तर थेरपिस्टकडून आधी तपासून घेऊ."

ताप रात्रीत उतरला. सकाळी थेरपिस्टने चहात पावडरीचे मोजून दोन चमचे घातले. बाबांनी हनुवटी खाली घेतली, कंठ सावकाश वरखाली झाला.

"आ म्हणा, बाबा."

आम्ही दोघंही वाकलो. आवाज बारीक, पण कोरडा. दुसऱ्या घोटालाही कोरडा. तिसरा घोट तोंडातच राहिला. भाऊ पुटपुटला, "बाबा, गिळा ना." बऱ्याच वेळाने तो उतरला.

"आ." हाही कोरडाच.

"झालं?" मी विचारलं.

"सकाळचं झालं. दुपारी परत बघू," थेरपिस्ट म्हणाली.

दुपारपर्यंत आम्ही दोघंही खाटेजवळून हललो नाही.