‘बरं’ या शब्दाचं पान

माहितीपुस्तिका कोणी वाचत नाही, ही माझी नोकरीभरची तक्रार. आधी वॉशिंग मशीनच्या पुस्तिका लिहिल्या, मग सॉफ्टवेअरच्या. आता शेवटी नेमाने वाचणारा वाचक मिळाला आहे, पण तो माणूस नाही.

परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. आमची कंपनी ऑनलाइन खरेदीत किंवा बिलात शेवटी पैसे भरायचं टूल बनवते. पूर्वी ‘पैसे भरा’ हे बटण माणूस दाबायचा. आता लोक फोनमधल्या एआय एजंटला तोंडी सांगतात आणि तो आमचं टूल वापरून पैसे भरतो. हे टूल कधी चालवायचं आणि कधी नाही, हे एजंटला सांगणारी पानं मी लिहिते. वाक्य छोटं, अर्थ एकच. हे काम मला जमतं. घरी वाणसामानाची यादीसुद्धा मी दुकानाच्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते.

पैसे भरण्याआधी एजंटने गिऱ्हाइकाची संमती घ्यायची असते. कोणते शब्द म्हणजे संमती, याची भाषावार यादी माझ्याकडे आली. मराठीत ‘हो’च्या खाली ‘बरं’ लिहिलेलं होतं. मी तिथेच थांबले. आपल्याकडे समोरचा बोलत असला की आपण ‘बरं’ म्हणतो. म्हणजे ऐकतेय, पुढे बोल. कंटाळा आला तरी ‘बरं’. उठून जायचं असलं तरी ‘बरं, येते’. एवढं सांगणारं एक पान मी लिहिलं, उदाहरणांसकट.

आमचा टीम लीडर दादरचा, शुद्ध मराठी बोलणारा. त्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तो हसला.

“मॅडम, एका शब्दाला अख्खं पान? अपवाद वाढले की एजंट बावचळतो. पुढच्या आवृत्तीत घेऊ.”

‘पुढच्या आवृत्तीत घेऊ’ म्हणजे नाही, हे ऑफिसात सगळ्यांना कळतं. पान गेलं, शब्द राहिला.

माझी आत्या घोडपदेवच्या चाळीत एकटी राहते. महापालिकेच्या दवाखान्यात आया होती, आता पेन्शनवर आहे. लाइट बिल, गॅस, गावच्या देवळाची वर्गणी, सगळं ती फोनवरून स्वतः भरते आणि चाळीतल्या बायकांचंही भरून देते. माझा धाकटा भाऊ ठाण्याला असतो. तिचं बँकेचं सगळं आपल्याकडे घ्यावं, असं तो बरेच दिवस म्हणत होता. ती दाद देत नव्हती. “माझे डोळे फुटले नाय अजून,” म्हणायची.

एके दिवशी तिने फोनला मिक्सरच्या भांड्याची किंमत विचारली. जुन्या भांड्याचं पातं झिजलं होतं. एजंटने भांड्याचं सांगितलं आणि लगेच नव्या मिक्सरचं सुरू केलं. मोटर, वॉरंटी, सवलत. शेजारीण बोलतेय तसं आत्या ऐकत राहिली आणि मधे मधे “बरं... बरं...” म्हणत राहिली. दोन दिवसांनी दारात खोका आला.

“माका मिक्सर कित्याक व्हयो?” तिने मला फोन करून विचारलं. “मी भांडा इचारलंय गो!”

मिक्सर परत गेला, पैसेही जमा झाले. पण भावाने आमच्याच कंपनीकडे तक्रार केली होती, आणि तक्रारीच्या उत्तरात पुरावा म्हणून तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आलं. त्याने ते आत्याच्या खोलीत, माझ्यासमोर, मोठ्याने लावलं.

“हा तुझाच आवाज ना आत्या?”

“माझोच.”

“अरे, ती ऐकत होती,” मी म्हटलं. “बरं म्हणजे हो नव्हे. तुला मराठी येत नाही का?”

“मला येतं गं ताई. मशीनला येत नाही ना? मग बँकेचं आत्याच्या हातात कशाला ठेवायचं?”

आत्या माझ्याकडे बघत नव्हती. “मीच बोललंय असतलंय,” ती म्हणाली. “हल्ली माझा ध्यान ऱ्हवत नाय.”

तिचं ध्यान चांगलं शाबूत होतं. आमच्या यादीत तो शब्द होता म्हणून हे झालं, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण कंपनीच्या कागदावर ‘संमती: आहे’ असं छापलेलं होतं आणि तिचा आवाज तिने स्वतः ऐकला होता. त्यापुढे माझं बोलणं तिला भाचीची माया वाटली.

ऑफिसात मी हे सांगितलं. लीडरने पहिला प्रश्न विचारला, “आजींचं वय काय?”

‘बरं’ यादीतून काढला. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. आठवड्याने नवीन सोय आली: वयस्कर गिऱ्हाइकाने काही घेतलं किंवा कसलेही पैसे भरायला घेतले की घरातल्या एका माणसाच्या फोनवर विचारणा जाईल, त्याने होकार दिला तरच पैसे भरले जातील. चूक शब्दाची होती, उपाय म्हातारपणावर झाला. मी लेखी हरकत घेतली. “छान मुद्दा आहे, मॅडम,” असं उत्तर आलं आणि ते पान दुसऱ्याकडून लिहून घेतलं. नीट लिहिलंय. त्यात एकही संदिग्ध वाक्य नाही.

भावाने ती सोय स्वतःच्या फोनवर सुरू केली. आत्याला रीतसर विचारलं. ती स्पष्ट “हो” म्हणाली. त्या ‘हो’वर मला कुठेच बोट ठेवता येईना.

परवा मी तिच्याकडे गेले होते. गावच्या देवळाची वर्गणी तिने भरायला घेतली होती आणि फोन मांडीवर ठेवून ती बसली होती. पडद्यावर ‘प्रतीक्षा’ असं दिसत होतं. शेजारीण दारातून डोकावली, तिचं लाइट बिल भरून पाहिजे होतं.

“ठाण्याक इचारूक लागता आता,” आत्या तिला म्हणाली. “तू तुझ्या झिलाकडसून भरून घे.”

शेजारीण मुलाला सांगायला गेली. “मी लावू का ठाण्याला फोन?” मी विचारलं.

“नको गो. मीटिंगीत असतलो,” ती म्हणाली, आणि फोनचा पडदा विझू नये म्हणून त्यावर बोट फिरवत राहिली.