शपथ नसलेली बैठक

माझा धाकटा भाऊ दारू प्यायचा. तो साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर कारकून होता आणि मी पुणतांब्यात एका अडतीच्या दुकानात हिशेब लिहीत असे. ते लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, पण ओढ्याकाठची हातभट्टी केव्हाही मिळे. डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि मला एकट्याला बाहेर बोलावलं. "यकृत हाताला लागतंय. असंच चाललं तर पुढचा गळीत हंगाम हा माणूस पाहणार नाही," ते म्हणाले. मी घरी येऊन हे कुणालाही सांगितलं नाही.

दारू सोडायची त्याची तयारी नव्हती, असं नाही. आदल्या वर्षी महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळींनी त्याला मध्ये बसवून दारू सोडल्याची शपथ म्हणून बेलभंडार उचलायला लावला होता. तेवढ्याने भागणार नाही असं वाटून कुणीतरी त्याच्या मुलीला पुढे आणलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मंडळींचा हेतू चांगलाच होता. दसऱ्याला घेतलेली शपथ दिवाळीच्या आत मोडली आणि त्याच सुमारास मुलीला हिवताप आला. कालव्याच्या पट्ट्यात तेव्हा घरोघर हिवताप होता. आमच्या आळीत तो न आलेलं घर शोधावं लागलं असतं. हे मी भावाला पुन्हा पुन्हा सांगितलं. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी मुलगी उठून बसली, तरी त्याच्या मनातून जाईना की ताप आपल्या शपथेने आला. तिला थंडी वाजू लागली की तो चपला घालून बाहेर पडायचा आणि पिऊन यायचा. भीतीने प्यायचा, आणि प्यायलो म्हणून आणखी भ्यायचा.

मी दारू सोडवणाऱ्या दुसऱ्या बैठका शोधू लागलो. बाजाराच्या दिवशी दारूबंदीची सभा झाली, तिथे वक्ता म्हणाला, "पिणारे असतील त्यांनी उभं राहावं." भाऊ जमिनीकडे पाहत राहिला. मग आम्ही रेल्वेने नगरला गेलो. तिथे मिशनच्या आवारात अशी सभा भरत असे. माणसं मायाळू होती. त्यांनी चहा दिला, कुणी हिणवलं नाही. पण शेवटी सगळ्यांनी उजवा हात वर करून प्रतिज्ञा म्हणायची होती. हात वर जाऊ लागले तसा भावाने माझा कोट घट्ट धरला.

"दादा, चल इथून. माझी पोर मरेल."

बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत त्याने कोट सोडला नाही. परतीच्या गाडीत आणखी कुठे नेता येईल याचा मी विचार करत होतो. एकही जागा सुचत नव्हती.

पिंजाऱ्याकडची बैठक मला आमच्या न्हाव्याने सांगितली. गावाच्या कडेला एक म्हातारा पिंजारी गाद्या भरायचा. दिवेलागणीला, म्हणजे नेमके ज्या वेळी पाय भट्टीकडे वळतात त्या वेळी, दारू सोडलेली काही माणसं त्याच्या पडवीत गाद्या शिवायला बसत. मी आधी एकटाच गेलो.

"इथं शपथ कसली घ्यावी लागते?" मी विचारलं.

"शपथ?" म्हातारा हसला. "आमी शपथ घेऊच देत न्हाई. घेतलेली आसंल तर ती आदी सोडवून यायचं."

"सोडवून म्हणजे?"

"ज्याची घेतली त्याच्या तोंडून 'सुटली' म्हणवून घ्यायचं. पोरं खेळताना म्हनत्यात न्हाई का? तसंच."

मागून एक जण म्हणाला, "माझ्या बायकूनं सुटली म्हनायच्या आदी धा शिव्या दिल्या. त्या मातूर अजून सुटल्या न्हाईत."

सगळे हसले. मला हसू येईना. शपथेने भाऊ थांबला नव्हता हे खरं, पण ती सोडवल्यावर त्याला अडवायला काय उरणार होतं? आणि सोडवल्यानंतर मुलीला काही झालं असतं तर?

दोन दिवस मी हे पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीला पुन्हा थंडी भरली आणि भाऊ चपला शोधू लागला. मी त्याच्यासमोरच तिच्या उशाशी बसलो.

"बाळ, बाबांनी तुझी शपथ घेतली होती. सुटली म्हण."

"कुठली?"

"देवळातली."

"ती होय? सुटली," ती गोधडीतून म्हणाली. "काका, पाणी द्या ना."

भाऊ उंबऱ्यावर बसला. "ताप वाढला तर?" त्याने विचारलं.

"तर कोयनेल देऊ," मी म्हणालो. आणि तांब्यातलं पाणी तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी मी भावाला पिंजाऱ्याकडे सोडलं आणि बाहेर लिंबाखाली थांबलो. आतून पिंजणाची तार वाजत होती. मग ती थांबली. पडवीच्या मागून एक वाट सरळ ओढ्याकाठच्या भट्टीकडे जाते, हे मला त्या क्षणी आठवलं. मी धावतच आत शिरलो.

भाऊ तिथेच होता. त्याच्या हाताला इतका कंप होता की दोरा सुईत जात नव्हता.

"तुमची सुई तर आमच्याहून जास्त झिंगलीया," शेजारचा म्हणाला. त्याने सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

"बसा न्हाईतर जावा," पिंजारी मला म्हणाला. "दारात उभं राहू नका, कापूस उडतोय."

मी बसलो. भावाने टाका घातला. तो वाकडा पडला. त्याने दुसरा घातला. अंधार पडला, तशा ओढ्याकडून माणसांच्या हाका येऊ लागल्या. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

"दादा, घरी तूच नेशील ना मला? पुढच्या रस्त्याने, मागच्या वाटेने नको."

मी हो म्हणालो. मग सरकून त्याच्या शेजारी बसलो आणि पुढच्या टाक्यासाठी कापड ताणून धरलं.